आठवडाभर बाहेर राहिलेलं मडकं

रेल्वेच्या आरोग्य खात्यात मी सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या मोऱ्या हुंगण्याचा पगार घेणारा माणूस. झाशीत माझी उभी नोकरी गेली ती सायकलच्या कॅरिअरला ब्लीचिंग पावडरचा डबा बांधून. कॉलनीतल्या क्वार्टरांना नळ होते. पण रेल्वेतले कितीतरी लोक नगरा नि सीपरी या वस्त्यांत स्वतःची घरं बांधून राहत, आणि स्वतःचं घर म्हटलं की अंगणात स्वतःची विहीर आलीच. ती सरकारी नसल्यामुळे तिच्यात काय पडतं, काय झिरपतं हे पाहणं कुणाचंच काम नव्हतं. एका पावसाळ्यात वर्कशॉपमधली माणसं जुलाब-उलट्यांनी धडाधड आडवी झाली, दुरुस्तीला आलेली इंजिनं शेडमध्ये अडकून पडली, तेव्हा कुठे वरच्या साहेबांना त्या विहिरी आठवल्या. माणसांपेक्षा इंजिनांचीच काळजी जास्त होती हे मला तेव्हाही कळत होतं. मला हुकूम झाला की घरोघर जा आणि पाणी सुधारा.

झाशीची जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली नुसता खडक. विहीर खणायची तर सुरुंग लावावा लागतो, आणि सुरुंगाने खडकाला ज्या भेगा पडतात त्यांतूनच शेजारच्या संडासाचं पाणी विहिरीत उतरतं. हे मी सांगायचो आणि लोक माझ्याकडे खुळ्याकडे पाहावं तसं पाहायचे. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. मग हा इन्स्पेक्टर म्हणतो तरी काय? कठडा वर घ्या, भोवती उताराचा ओटा करा, धुणंभांडी विहिरीपाशी करू नका, आतून वरच्या अंगाला सिमेंटचा गिलावा करा, असं सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस यायचा. ते होईपर्यंत एक सोपा उपाय होता, मडक्याचा. एक मडकं दुसऱ्या मडक्यात बसवायचं, आतल्यात ब्लीचिंग पावडर आणि जाडी वाळू भरायची, दोन्हींना एकेक भोक पाडायचं आणि ते दोरीने पाण्यात हातभर खोल सोडून ठेवायचं. औषध थोडं थोडं पाझरत राहतं. दोन-तीन आठवड्यांनी मी जाऊन पावडर बदलून द्यायचो.

लोक मडकं घ्यायचे, मला चहा पाजायचे, आणि घरात काही कार्य निघालं की मडकं बाहेर काढून ठेवायचे. सत्यनारायण असो, मुलीला पाहायला पाहुणे येणार असोत, मडकं आधी बाहेर. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला सरळ सांगितलं होतं, "भैया, जा दवाई से पानी बसात है. पाउनन खों कैसें पिआएँ?" पाण्याला वास मारतो, पाहुण्यांना कसं पाजणार, हे त्याचं म्हणणं. मी चिडलो की सगळ्यांचं ठरलेलं एकच उत्तर असे, "एक दिन में का हो जैहै?" एका दिवसाने काय होणार आहे! हे वाक्य मी इतक्या अंगणांत ऐकलं की कुणी तोंड उघडलं तरी माझ्या कपाळाची शीर उठायची. ज्या दिवशी घरात पन्नास माणसं पाणी पिणार, नेमकं त्याच दिवशी तुम्ही औषध काढता, असं म्हणून मी लोकांना त्यांच्याच दारात फैलावर घ्यायचो. तोंडाचा मी पहिल्यापासून फटकळ, आणि या कामात तर मला त्याचा अभिमानही वाटायचा.

आता आमचं घर. वडील देशावरून गार्ड म्हणून झाशीला आले आणि इथलेच झाले. नगऱ्यात त्यांनी जागा घेतली ती आधी विहीर खणून, मग भिंती उभ्या करून. आई मात्र इथलीच, शहरातल्या जुन्या मराठी घरातली. तिचे पूर्वज कधीकाळी इथे कारकुनी करायला आले होते, आणि त्यांच्या पिढ्यांमागून आलेलं सोवळं तिने जसंच्या तसं सांभाळलं होतं. स्वयंपाकघराला ती मुदपाक म्हणायची. कॉलनीतल्या नळाचं पाणी तिला देवाला चालत नसे, कारण नळाच्या तोटीत चामड्याचा वॉशर असतो. वडील गेल्यावर तर विहीर ही तिच्या लेखी त्यांचीच खूण होती. त्या विहिरीत मी मडकं सोडलं तेव्हा आई माझ्याशी आठ दिवस धड बोलली नाही, आणि पुढेही जेवढ्यास तेवढंच. देवाच्या पाण्याला दवाखान्याचा वास आणलास, एवढंच म्हणाली.

त्या घरात माझ्या बाजूने एकच माणूस होतं, ते म्हणजे माझी वहिनी. दादा वर्कशॉपमध्ये फिटर होता, घरच्या भांडणात तो कानावर हात ठेवायचा. वहिनी भुसावळच्या रेल्वेवाल्याची मुलगी, नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा अंगणभर फिरून, नळ कुठेय म्हणून तिने विचारलं होतं आणि आईने ते कधी विसरू दिलं नाही. मडक्याची दोरी घट्ट आहे का, पावडर संपत आली का, हे ती मला न सांगता पाहायची. "भाऊजी, वास कमी झालाय, बदला आता," असं ती म्हणाली की मला साहेबाने पाठ थोपटल्याहून बरं वाटायचं. हिंदी तिला येत नव्हती. भाजीवालीचं, दूधवाल्याचं, शेजारणीचं बोलणं ऐकून ती एकेक शब्द उचलत होती आणि संध्याकाळी आम्हाला त्यांच्या नकला करून दाखवत होती. तिचा मुलगा दीड वर्षाचा होता. तोही तेव्हा शब्द उचलत होता, आणि दोघं मायलेक बरोबरीने शिकताहेत म्हणून आम्ही तिला चिडवायचो.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस लांबला. विहिरीच्या आतल्या अंगाला, शेजाऱ्यांच्या संडासाच्या बाजूला, खडकात एक ओली रेघ दिसत होती. दुसऱ्या कुणाच्या विहिरीत ती दिसली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. घरी मी दादाला म्हटलं, गिलावा करून घेऊ. तो म्हणाला, दिवाळीनंतर. मी बरं म्हणालो. मडकं आहे ना, मग चिंता कशाची, असा माझा हिशेब होता.

पितृपक्षात अष्टमीला वडिलांचं श्राद्ध. आदल्या दिवशी सकाळी आईने मला विहिरीपाशी बोलावलं. ती रागावलेली नव्हती, हेच जास्त कठीण होतं. ती म्हणाली की वर्षभर मी तुझं ऐकते, वास येतो तरी तेच पाणी पिते, पण ज्यांनी ही विहीर खणली त्यांच्या पिंडावर मी औषधाचं पाणी घालणार नाही, आणि भटजींच्या पानातही वाढणार नाही. म्हणाली, "त्यांचा एक दिवस मला दे." मी कठड्यावर वाकलो, दोरी ओढली आणि मडकं बाहेर काढून ओट्यावर पालथं घातलं. ते मी माझ्या हातांनी काढलं. कुणी माझा हात धरून काढून घेतलेलं नाही.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पाहिलं आणि आत जाऊन पितळी कळशी घेऊन आली. मी विचारलं, कुठे निघालीस? ती हळूच म्हणाली की सोवळ्याचं विहिरीचं होऊ दे, आपल्याला प्यायला मी कॉलनीच्या नळावरून दोन खेपा आणते. नळ दहा मिनिटांवर होता. पण श्राद्धाच्या आदल्या दिवशी नळाचं पाणी घरात आलं असतं तर आईने कळशीसकट तिला बाहेर काढलं असतं, आणि मग दिवसभर धुसफूस. मी आधीच कंटाळलो होतो. आई इतक्या दिवसांनी माझ्याशी नीट बोलली होती, ते मोडावंसं वाटेना.

"राहू दे वहिनी," मी म्हणालो. "एका दिवसाने काय होतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. घरात पाण्यातलं कळणारा मीच होतो. तिने कळशी खाली ठेवली.

श्राद्ध यथासांग झालं. भटजी जेवले, अजून एक वाटी खीर मागून घेतली, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊस दुपारभर कोसळत होता. संध्याकाळी मी मडकं परत सोडायला गेलो तर आई म्हणाली, उद्या अविधवा नवमी, माझ्या सासूबाईंची, आणि आठवड्यावर सर्वपित्री. सारखं आत-बाहेर कशाला करतोस? एकदम अमावास्येनंतर सोड. मी मडकं तिथेच ठेवलं. दोन दिवसांनी मला लाइनवरच्या लहान स्टेशनांच्या विहिरी पाहायला पाठवलं. तिथल्या एका स्टेशनमास्तरने मडकं काढून ठेवलं होतं म्हणून मी त्याची अशी काही खरडपट्टी काढली की बिचारा टोपी हातात घेऊन उभा राहिला. परत आलो तेव्हा अमावास्या होऊन गेली होती आणि आमचं मडकं ओट्यावर तसंच पालथं होतं, उन्हाने खडखडीत वाळलेलं.

नवरात्रात वहिनीला ताप भरला. आधी साधा वाटला, मग उतरेचना. शेजारणी मोतीझरा म्हणाल्या, आई मुदतीचा ताप म्हणाली, आमच्या दवाखान्यातले डॉक्टर टायफॉइड म्हणाले. दादालाही चार दिवस कणकण होती, तो निभावला. मुलाला मी पहिल्याच दिवशी उकळलेलं पाणी सुरू केलं, तो वाचला. वहिनी मात्र तापात बरळायला लागली, आम्हाला ओळखेना. मी तिच्या उशाशी बसून दिवस मागे मोजत होतो. ताप, त्याच्या आधीचे दिवस, आणि तिथून थेट अष्टमी. हिशेब चुकत नव्हता. तरी मी मनाला म्हणायचो की बाजारातलं काही खाल्लं असेल, दूध खराब असेल. लोकांना असं म्हणू दिलं नव्हतं मी कधी.

दिवाळीच्या आधी ताप उतरला. वहिनी उठून भिंतीला टेकून बसली, पातळ भात खाल्ला. आईने देवापुढे साखर ठेवली. त्या काळी आमचा सगळा मोहल्ला वर्कशॉपच्या भोंग्यावर चालायचा. सकाळचा भोंगा झाला की चुली पेटायच्या, दुपारचा झाला की पानं वाढायची. त्या दिवशी दुपारी वहिनीने विचारलं, आज भोंगा झाला नाही का? नुकताच झाला होता. आम्हाला वाटलं, डुलकी लागली असेल. संध्याकाळी दादा कामावरून घरात आला आणि तिने परत तेच विचारलं, तुम्ही भोंग्याआधीच कसे आलात? दादा हसला. ती हसली नाही. मुलगा तिच्या पाठीमागे उभा राहून तिला हाका मारत होता, मोठमोठ्याने, आणि ती आमच्या तोंडांकडे पाहत बसली होती.

डॉक्टरांनी सांगितलं, टायफॉइडात कधी कधी कान जातात. येतील परत, म्हणाले. आले नाहीत.

पुढचं काम मी फार चोख केलं. विहिरीला आतून गिलावा केला, कठडा उचलला, भोवती ओटा बांधला, मोरीचं पाणी दुसरीकडे वळवलं, वर लोखंडी झाकण बसवलं. आमची विहीर आसपासच्या सगळ्या वस्तीत नमुना ठरली. साहेब स्वतः सिव्हिल लाइन्समधून गाडीने पाहायला आले आणि त्यांनी सगळ्यांसमोर माझी तारीफ केली. वहिनीने त्यांना चहा आणून दिला. साहेब तिच्याशी काही बोलले, तिला कळलं नाही, तर ते समजले की बाई लाजते.

आणि मी काय केलं, तर तिचं दुखणं कामाला लावलं. दारोदार सांगू लागलो की एका घरात मडकं आठवडाभर बाहेर राहिलं आणि तरण्याताठ्या सुनेचे कान गेले. हे ऐकून लोक मडकं राहू द्यायचे. माझी इतकी वर्षांची बडबड जे करू शकली नव्हती ते या गोष्टीने केलं. नगऱ्यातल्या कितीतरी घरी त्यानंतर कार्याच्या दिवशीही मडकं पाण्यात राहिलं. फक्त मी सांगायचो त्या गोष्टीत मडकं काढणारी सासू असायची. म्हणजे हट्टी, जुन्या वळणाची सासू. ऐकणाऱ्या बायका हळहळायच्या आणि त्या सासूला शिव्या द्यायच्या. त्या शिव्या मी माझ्या आईला खाऊ घातल्या, दूर समथर गावच्या बाजारापर्यंत जाऊन खाऊ घातल्या, आणि घरी येऊन तिच्याच हातचं जेवलो.

आईने स्वतःही तेच धरून ठेवलं होतं. पुढच्या पितृपक्षात ती मडक्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. औषधाच्या पाण्यानेच पिंड दिले. "मीच काढायला लावलं," असं ती शेजारणींना सांगायची, आणि मी तिथे असलो तरी तिला कधी अडवलं नाही. पुढे एकदा त्याच भटजींना मी आडून विचारलं की औषध घातलेलं पाणी श्राद्धाला चालतं का. ते म्हणाले, न चालायला काय झालं? शहरात आमच्याकडे नळाचंच पाणी आहे, औषध घातलेलं, आम्ही रोज तेच पितो. वॉशर चामड्याचा की रबराचा हे कोण बघतंय? आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, असंही म्हणाले. हे मी आईला सांगितलं नाही. एवढी एक दया मी तिच्यावर केली.

वहिनी हळूहळू आमच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली. पण ओळखायची ती मराठी. हिंदी तिच्या कानात जेमतेम शिरायला लागली होती आणि कानच मिटले, त्यामुळे तिची हिंदी जिथे होती तिथेच थांबली. बाजारात तिला कुणाचं काही कळेना. भाजीवालीच्या नकला बंद झाल्या. घरात मात्र आम्ही तिच्याशी समोर बसून, सावकाश, मराठीत बोलायचो आणि तिचं बरं चालायचं. मग मुलगा शाळेत जायला लागला. झाशीत मराठी मुलाची मराठी किती टिकणार? दोस्तांमध्ये हिंदी, शाळेत हिंदी, आणि घरातही तोंडातून तेच बाहेर पडायचं. आईशी बोलताना तो आठवून आठवून मराठी बोलायचा, अडला की हात हलवून निघून जायचा. त्याची बायको कानपूरची आली. नातवंडं तिला आजी म्हणतात, पण त्यापुढचं सगळं हिंदीत. ती त्यांच्या ओठांकडे पाहते, मान डोलावते, आणि मग माझ्याकडे पाहते. मी सांगतो, अगं, तो म्हणतोय त्याला भूक लागलीय. आई गेली, दादा गेला. आता त्या घरात तिच्याशी मराठी बोलणारा मी एकटा उरलोय, म्हणजे ज्याने तिचे कान घालवले तोच तिचा कान झालाय.

पुतण्या बिजौलीच्या एका कारखान्यात कामाला आहे. परवा त्याने ठरवलं की विहीर बुजवून तिथे खोली काढायची. नळ आले, बोअर आली, विहीर कोरडी पडून कितीतरी वर्षं झाली. मला काही म्हणायचं नव्हतं. मजूर सकाळपासून घमेल्यांनी राडारोडा आत टाकत होते. वहिनीने खुर्ची अंगणात मांडून घेतली होती आणि ती पाहत होती. मी तिच्या समोर स्टूल घेऊन बसलो.

इतकी वर्षं जे नाही सांगितलं ते त्या दिवशी का सांगावंसं वाटलं, कोण जाणे. विहीर गेली की सांगायला काही उरणार नाही अशी भीती वाटली असेल. मी तिला खूण केली की माझ्याकडे बघ. आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की मडकं आईने नाही, मी काढलं होतं. ओली रेघ मी पाहिली होती. ते परत सोडायला हवं होतं हे मला कळत होतं आणि मी सोडलं नाही. जगभर मी आईचं नाव सांगत हिंडलो. मी बोलत असताना ती माझ्या ओठांवरून नजर हलू देत नव्हती, तिची ती सवयच झालेली.

"मला माहीत आहे, भाऊजी," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तिचं बोलणं आता सपाट येतं, चढउतार नाहीत. "मी दारातच उभी होते. कळशी माझ्या हातात होती. तुम्ही म्हणालात म्हणून खाली ठेवली."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हात वर केला.

"माझ्या आईचा आवाज मला आता आठवत नाही. ह्यांचाही नाही. मुलगा लहानपणी हाक कशी मारायचा तेही गेलं. खूप आठवून बघते. तुमचं तेवढं एक वाक्य मात्र अजून जसंच्या तसं ऐकू येतं."

एवढं बोलून तिने मान वळवली आणि विहीर बुजवणाऱ्या मजुरांकडे पाहत बसली. तिने मान वळवली की तिच्याशी काही बोलता येत नाही.